पावसात ड्रोन उडवायचा का? रेनकोट घातला तरी हिशेब तोच राहत नाही

बेळगाव : जुलै महिन्यात आंबोली, चोर्ला, तिलारी किंवा जांबोटीच्या रस्त्याला लागलं की हल्ली एक दृश्य हमखास दिसतं. रस्त्याकडेला गाडी उभी, बॉनेटवर उघडी पेटी, एकाच्या हातात रिमोट आणि दुसऱ्यानं त्याच्या डोक्यावर धरलेली छत्री. माणूस कोरडा, रिमोट कोरडा, ड्रोन मात्र वर पावसात.

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या भागात आकाशातून टिपण्यासारखं जे काही आहे, ते पावसातच असतं. उन्हाळ्यात गोकाकच्या कड्यावर पाहायला काय असतं? खडक. घाटातले धबधबे, भरलेलं हिडकल, राकसकोपचं पाणी, लावणीची शेतं, नंतर गणपती, सगळं जून ते सप्टेंबर. लग्नाचा हंगाम संपलेला असतो, पोरांच्या हातात मशीन असतं, आणि धबधब्याचा एक चांगला व्हिडिओ मोबाइलवर चालला की पुढच्या हंगामाची चार कामं येतात. त्यामुळं ‘पावसात उडवू नका’ ही माहितीपुस्तिकेतली एक ओळ कुणीच पाळत नाही. मग प्रश्न असा की ती पाळायची नसेल तर नेमकं काय करायचं, आणि काय केलं तरी होणार नाही.

पहिल्यांदा कागद बघू. आपल्याकडं बहुतेकांच्या हातात असतो तो घडी होणारा, अडीचशे ग्रॅमच्या आतला कॅमेरा ड्रोन. डीजेआयच्या मिनी मालिकेतला किंवा त्याच जातीचा. या ड्रोनना पाण्यापासून संरक्षणाचं कसलंच मानांकन नाही. पाऊस, धुकं, बर्फ यात उडवू नका असं कंपनी स्वतः लिहून देते आणि पाण्यानं झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही. त्यात आपल्या देशातली गोष्ट वेगळीच. ९ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्र सरकारनं परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुटे भाग आणायला मोकळीक आहे. म्हणजे आज गावात उडणारे बरेचसे परदेशी ड्रोन एकतर त्याआधी आलेले, नाहीतर कुठल्या तरी दुसऱ्या वाटेनं आलेले. त्यांची वॉरंटी कुठल्या काउंटरवर मागणार? भिजला की खर्च आपल्याच खिशातून.

‘आयपी’ हा शब्द दुकानदार फार सहज वापरतात, म्हणून तोही समजून घ्या. आयपी ५५ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे सहन होतात. ५ म्हणजे नळीतून सोडलेल्या फवाऱ्याचा मारा ठराविक वेळ सोसतो. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पोलीस किंवा आपत्ती पथकं वापरतात तसल्या मॅट्रिस ३० या ड्रोनला आयपी ५५ आहे, पण त्याचं वजन पावणेचार किलोच्या आसपास आणि किंमत लाखांत. शिवाय ही चाचणी नव्या कोऱ्या मशीनवर, प्रयोगशाळेत, स्वच्छ पाण्यानं होते. दोनदा आपटलेल्या, रबर सैल झालेल्या मशीनला तोच आकडा लागू राहत नाही. उसावर औषध मारणारे फवारणीचे ड्रोन तुम्ही पाहिले असतील. काम झालं की ते चक्क पाण्यानं धुतात. त्यांचं पोट मुळातच बंद करून बनवलेलं असतं. छंदाचा ड्रोन वजन वाचवण्यासाठी उघडा ठेवलेला असतो. नंतर वरून काही लावून एकाचं दुसरं होत नाही.

पाणी नेमकं कुठं शिरतं

अनेकांना वाटतं मोटर आधी जाते. उलट आहे. या मोटरना ब्रश नसतात, तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. भिजली तरी मोटर फिरत राहते. तिचं बेअरिंग गंजतं, पण ते महिनाभरानं आवाज करून सांगतं. खरा धोका आतल्या पाटीला, म्हणजे सर्किट बोर्डला. पावसाचं पाणी शुद्ध असतं तोवर वीज फारशी वाहून नेत नाही, पण बोर्डावरची धूळ, घामाचं मीठ, सोल्डरिंगचा राहिलेला फ्लक्स त्यात विरघळला की दोन बारीक पायांच्या मध्ये वाट तयार होते. लगेच शॉर्ट झालं तर ड्रोन पडतो. नाही झालं तर तांबं हळूहळू कुरतडलं जातं आणि भिजल्यानंतर पंधरा दिवसांनी, लख्ख उन्हात, ‘काहीच कारण नसताना’ पडतो. त्या दिवशी पावसाची आठवण कुणालाच होत नाही.

दुसरी नाजूक जागा कॅमेऱ्याचा गिंबल. त्याच्या इवल्या मोटरी आणि कागदासारखी पातळ केबल उघड्यावरच असते. तिसरी जागा बॅरोमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा सेन्सर. त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. त्यावर थेंब बसला की ड्रोनला स्वतःची उंची चुकीची वाटू लागते आणि तो विनाकारण वर चढतो किंवा खाली येतो. चौथी जागा पोटाखालचे आणि पुढचे कॅमेरे. काचेवर थेंब आला की ड्रोनला समोर भिंत असल्याचा भास होतो, तो हवेतच थांबतो, घरी परत बोलावलं तरी येत नाही.

आणि हवा आत घेणाऱ्या जाळ्या. आत प्रोसेसर तापतो म्हणून बऱ्याच ड्रोनांत छोटा पंखा असतो आणि जाळ्या बहुधा पोटाला किंवा मागे असतात. पाऊस वरून पडतो, पोट कोरडं राहील, हा हिशेब साध्या पावसाला थोडाफार चालतो. आंबोलीजवळच्या कावळेसादला तो साफ चुकतो. तिथं दरीतून वारा वर येतो आणि धबधबा उलटा उडतो. तोच तर टिपायचा असतो. तिथं पाऊस ड्रोनला खालून लागतो, थेट जाळीत.

लेप द्यायचा तर मिरगाच्या आधी

घरच्या घरी करता येण्यासारखा एकच खरा उपाय आहे. बोर्डावर पातळ पारदर्शक लेप देणं, ज्याला कन्फॉर्मल कोटिंग म्हणतात. ॲक्रिलिकचा किंवा सिलिकोनचा, बाटलीत किंवा स्प्रेमध्ये मिळतो. कारखान्यातल्या आणि गाड्यांमधल्या बोर्डांना तो पूर्वीपासून देतात, रेसिंगचे ड्रोन स्वतः जोडणारी पोरंही सर्रास लावतात. थर केसाच्या जाडीच्या आसपास पुरतो. जाड थापला तर बोर्डाची उष्णता आतच कोंडते.

करण्याची रीत अवघड नाही, पण घाईची नाही. बॅटरी काढायची, कवच उघडायचं, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रश घेऊन धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा. मग जिथं लेप लागता कामा नये त्या जागा चिकटपट्टीनं झाकायच्या. बॅरोमीटरचं भोक, बॅटरीचे संपर्क, यूएसबी आणि मेमरी कार्डची खाच, सगळे सॉकेट, बटणं, लेन्स, थंड करण्यासाठी लावलेला धातूचा तुकडा. एक पातळ हात, मध्ये वेळ देऊन दुसरा. हाताला कोरडा लागला म्हणजे झाला असं नव्हे, पूर्ण पक्का व्हायला एक दिवस तरी द्यावा. बऱ्याच लेपांत असा रंग असतो जो नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली चमकतो. त्या दिव्यात बघितलं की राहिलेली जागा काळी दिसते.

आता वेळ. हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं. जुलैच्या बेळगावी हवेत बोर्ड कोरडा होत नाही, आणि ओलाव्यावर लेप दिला तर तो ओलावा आत कायमचा कोंडला. मिरग बरसायच्या आधी उरकलं तर उरकलं, नाहीतर पुढच्या वर्षी.

गल्लीतले उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याबद्दलही दोन शब्द. नेलपॉलिश लावतात. ती तापून तडकते आणि चिरेत पाणी धरून ठेवते. हॉट ग्लू लावतात. तो गरम भागावर सुटतो. हार्डवेअरच्या दुकानातलं खिडकीला लावायचं सिलिकोन वापरतात. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते बोर्डाजवळ नेऊच नका. त्या वासातलं आम्लच तांबं खातं. आणि जाळ्यांना टेप चिकटवून ड्रोन बंद करणारे तर पाण्यानं नव्हे, उष्णतेनं मशीन मारतात.

लेप दिला म्हणून ड्रोन जलरोधक झाला का? नाही. गिंबल तसाच उघडा, बॅटरीचे संपर्क तसेच, सेन्सरच्या काचा तशाच. फरक एवढाच पडतो की अचानक सर आली तर ड्रोन परत येईपर्यंत जिवंत राहण्याची शक्यता वाढते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं मोल तेवढंच धरावं. ग्राहकाला ‘आमचा ड्रोन पावसात चालतो’ असं सांगायला याचा आधार घेऊ नये. आणि ज्याला बारीक सोल्डरिंगचा हात नाही, त्यानं घडीचा ड्रोन उघडण्यापेक्षा उघडूच नये. कवच उघडताना गिंबलची केबल फाटली तर पावसाची वाट बघायची गरज उरत नाही.

१३ ग्रॅमचा प्रश्न

ड्रोनसाठी रेनकोटही मिळतात, अंगाबरोबर बसणारे. वरून येणारे शिंतोडे ते अडवतात. पण इथं मला, वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून, पाण्यापेक्षा वजनाची काळजी वाटते.

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढं २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. आणि हे वजन अंगावर चढवलेल्या सगळ्या सामानासकट धरायचं. कंपनीनं २४९ ग्रॅमवर आणून ठेवलेला ड्रोन, त्यावर १४ ग्रॅमचा रेनकोट चढवला, झाले २६३. रेषेच्या १३ ग्रॅम पलीकडं. नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, उडवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, तिसऱ्या पक्षाच्या विम्याची सक्ती नाही. मायक्रोमध्ये हौसेखातर उडवत असाल तर प्रमाणपत्रातून सूट आहे, पण लग्नाचं किंवा मंडळाचं शूटिंग पैसे घेऊन केलं की ते व्यावसायिक काम झालं. मग प्रमाणपत्र आलं, विमा आला, टाइप सर्टिफिकेटचा प्रश्न आला. परदेशी हौशी ड्रोनला ते मिळणार कुठून? नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत. रेनकोट विकणारा हे सांगत नाही.

साधा हिशेब मांडू. समजा मशीन साठ हजारांचं आहे आणि पावसातल्या एका कामाचे सहा हजार मिळतात. दहा कामांत एकदा जरी मशीन गेलं तर वर्षाची पावसाळी कमाई शून्य. त्यात बॅटरी, पेट्रोल, मेहनत धरलेलीच नाही. हे ज्याचं त्यानं आपले आकडे घालून बघावं. पण कामाचा दर ठरवताना पावसाची जोखीम धरणारा ड्रोनवाला मला अजून सापडायचा आहे. लग्नाच्या किंवा कार्यक्रमाच्या पावतीवर ‘पाऊस असल्यास ड्रोन उडणार नाही, रक्कम अमुक इतकी कमी होईल’ अशी एक ओळ छापायला फार खर्च येत नाही. ती ओळ असली की यजमानाच्या आग्रहाला उत्तर तयार असतं.

थेंबांपेक्षा मोठी गोष्ट

पावसात पडलेल्या ड्रोनांची कारणं विचारली तर सगळे पाणी सांगतात. बऱ्याचदा खरं कारण वारा असतं. मिनी २ सारख्या ड्रोनची वारा सोसण्याची मर्यादा १०.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर. सरीच्या आधी येणारा झोत ही मर्यादा सहज ओलांडतो. जाताना वारा पाठीशी असतो, ड्रोन मजेत जातो. परत येताना तोच वारा समोरून, बॅटरी निम्म्याखाली, आणि मशीन जागच्या जागी धडपडत राहतं. पावसाळ्यात नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जा आणि वाऱ्याबरोबर परत या, एवढं केलं तरी निम्मी भानगड मिटते.

पावसानं सिग्नल तुटतो ही समजूत फारशी बरोबर नाही. ड्रोन ज्या लहरींवर चालतात त्या लहरी एक-दोन किलोमीटरच्या पावसाला दाद देत नाहीत. सिग्नल तुटतो तो मध्ये आलेल्या डोंगराच्या सोंडेमुळं आणि भिजलेल्या दाट झाडीमुळं. घाटात आणखी एक गोम आहे. परतीची उंची ड्रोन उडाला त्या जागेपासून मोजली जाते. दरीच्या कडेवरच्या पॉइंटवरून उडवलात तर ठीक, पण खालच्या वळणावरून उडवलात आणि मध्ये डोंगर असेल, तर धुक्यात तो सरळ डोंगरात शिरतो. डोळ्यांना दिसत नसेल तर उडवायचा नाही, हा नियमही आहे आणि शहाणपणही.

हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे आता मोबाइलवर असतात. रडारचं चित्रही बघता येतं. ढग किती लांब आहे हे बघून दोन सरींच्या मधली वीस मिनिटं साधता येतात. घाटात जुने फोटोग्राफर आकाशाकडं बघून तेच करायचे. विजा असतील तर मात्र पेटीच उघडू नये.

जागेचंही भान हवं. ड्रोनचे नियम केंद्राचे, त्यामुळं बेळगावात एक, चंदगडात दुसरा आणि साखळीत तिसरा असं नाही. पण दूधसागर महावीर अभयारण्यात येतो, खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य आहे, तिथं त्या त्या राज्याच्या वनखात्याची परवानगी लागते. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं, शहरात कॅम्प भाग. गोव्यात दाबोळी आणि मोपा. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा बघणं पावसाळ्यातही माफ नाही.

भिजलाच तर

खाली आला की पहिल्यांदा बॅटरी बाहेर. बंद करून बघू, चालू करून बघू, असं काही नाही. वीज आणि पाणी एकत्र असेपर्यंत नुकसान चालूच राहतं. पंखे उलटे करून, झटकून पाणी काढा, कापडानं पुसा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, साध्या पंख्यासमोर ठेवा. तांदळाच्या डब्यात घालण्याची पद्धत मोबाइलपासून चालत आली आहे. तिचा उपयोग तांदळाला होत असेल तर असेल. पंख्याचा वारा आणि नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबा, दोन दिवस, हे बरं.

कळंगुट-वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्राचं पाणी लागलं तर गणित वेगळं. मीठ वाळून तसंच राहतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. अशा वेळी बॅटरी काढून बोर्ड आधी स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यानं धुवावा लागतो, मग अल्कोहोलनं. भिजलेल्याला आणखी भिजवायचं, हे पटत नाही, पण तेच बरोबर आहे.

बॅटरीबाबत मात्र काटकसर नको. लिथियम पॉलिमरची बॅटरी पाण्यात बुडाली असेल किंवा किंचित जरी फुगली असेल, तर ती चार्जिंगला लावू नका. आत शिरलेलं पाणी काही तासांनीही आग लावू शकतं. घराबाहेर, वाळूच्या बादलीत ठेवा. गादीवर, कपाटात, गाडीच्या डिकीत नको. चार-पाच हजार वाचवायला घर पणाला लावण्यात अर्थ नाही.

गर्दीवर आणि पुरावर

गणेशोत्सवात सरी येतातच. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीपर्यंत जाते, कपिलेश्वर तलावाकडं माणसांचा समुद्र असतो. त्यावर, पावसात, ओला ड्रोन. तीस मीटरवरून पाव किलोची वस्तू पडणं म्हणजे दहाव्या मजल्यावरून पडणं, आणि याला चार फिरती पातीही असतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह मोडता येत नाही अशी ड्रोनवाल्यांची अडचण असते, ती खरी आहे. तर मंडळांनीच बैठकीत ठरवावं की सर आली तर ड्रोन खाली, आणि गर्दीच्या डोक्यावर नाही तर कडेला मोकळ्या जागेवरून. उंच इमारतीच्या गच्चीवरून काढलेली चित्रं काही वाईट येत नाहीत.

पुराची गोष्ट उलटी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच फुगल्या. गोकाक, चिकोडी, तिकडं सांगली-कोल्हापूर, सगळं पाण्यात. अशा वेळी कोणत्या वस्तीला वाट उरली आहे, कुठल्या छपरावर माणसं आहेत, हे दोन मिनिटांत दाखवणारं यंत्र गावातल्याच एखाद्या पोराकडं असतं. तिथं मशीन गेलं तरी चालेल, असा निर्णय घेण्यासारखी वेळ असते, आणि लेप दिलेला ड्रोन अशाच वेळी कामाला येतो. फक्त अट एक. हेलिकॉप्टरचा आवाज आला की ड्रोन तत्काळ खाली. बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपण यायचं नाही, आणि पोलिसांना किंवा तहसीलदारांना सांगितल्याशिवाय उडवायचं नाही.

दर मे महिन्यात तालुक्याच्या पूरपूर्व बैठकीत बोटी किती, पट्टीचे पोहणारे किती, जेसीबी कुणाकडं याची यादी होते. त्या यादीत ड्रोनवाल्यांची नावं आणि मोबाइल नंबर घ्यायला एक रकाना वाढवावा लागेल. त्याच्याच शेजारी दुसरा रकाना हवा : मशीन किती ग्रॅमचं, लेप दिलाय का, शिल्लक बॅटरी किती. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तहसीलदारांनी या याद्या एकमेकांना दिल्या तर आणखी बरं, कारण चंदगडात पडलेला पाऊस दोन दिवसांनी हुक्केरी आणि गोकाकात पोचतो.